चेंडू तीनदा आपटणाऱ्या पोरी

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या दोघींच्या गप्पांकडे रिसेप्शनिस्टचे कान लागले होते.

"बास्केटबॉलची फायनल जिंकलात ना, मॅडम? मग आता?"

"आता काय, संघ मोडला. महिन्याभरात माझ्या पाचही पोरी मोठमोठ्या क्लबांनी उचलल्या."

"अगंबाई! मग तुमच्याकडे काय उरलं?"

"हा दुखरा गुडघा आणि नव्या बारा पोरी. चेंडू अंगावर आला की त्यांचे डोळेच मिटतात."

"वाईट नाही वाटत?"

"वाईट कसलं? टीव्हीवर मॅच बघा. फ्री थ्रोआधी चेंडू तीनदा आपटून जी कानाला हात लावेल, ती माझी. ही माझीच खोड."

"आणि दोन्हीकडे तशाच निघाल्या तर?"

"मग पायावर पाय टाकून बघेन. जिंको कुणीही, कप माझ्याच पोरीच्या हातात!"