घरात माय एकच

सत्यभामा : नाई म्हनली ना मी? बॅग ठेव खाली. उगाच उचलू नको.

गजेंद्र : वैनी, आयक त खरं. गीतांजलीची वाढवलेली सुट्टीबी संपली. सोमवारपासून तिले बँकेत जाच लागते. पोट्टीले कोनापाशी ठेवू आमी?

सत्यभामा : तिच्या आईपाशी ठेव. अकोल्यातच त राह्यते थे.

गजेंद्र : तिचे गुडघे गेले. अन पोट्टी आता घरभर पयते.

सत्यभामा : अन माहे गुडघे का नवे आनले? पोराच्या घरी जाऊन पोट्टीमागं पयाचं, इथं म्हातारीचं करत बसाचं. कुठंबी जा, पयनं काही सुटत नाई.

गजेंद्र : तसं नाई म्हनत मी. इथं तू मरून राहिली ना. रातीले झोप नाई, दिवसा टेकनं नाई. आरशात पाह्यलं का सोताले?

सत्यभामा : आरशात पाहाले टाइम कोनाले हाय? सकाळपासून चादरी धुऊन राहिली. एक वाळत नाई तोवर दुसरी भिजवते थे.

गजेंद्र : म्हनूनच म्हनतो, चाल. वामनकाकाले बोललो मी. ते धामणगावले नेतात तिले. भाऊ गेले म्हनून त्याइच्या मायचं सारं तुयाच आंगावर का? वामनकाकाबी तिच्याच पोटचे हायत ना?

सत्यभामा : वामन हो म्हनन. उचलन कोन? त्याची बायको बेबीताई? थे दोन दिवस करन, तिसऱ्या दिवशी कंबर धरून बसन.

गजेंद्र : बरं, एक गोष्ट सांगाची राह्यली. पोट्टी बोलाले लागली.

सत्यभामा : हो का? काय बोलते?

गजेंद्र : बाबा म्हनते. आई म्हनते. तिकडच्या आजीले आजी म्हनते. अन मोबाइलवर तुया फोटो दिसला का 'वैनी' म्हनते.

सत्यभामा : म्हननच. बाप म्हनते थेच पोट्टी म्हनन.

गजेंद्र : गीतांजलीले नाई आवडत. बिल्डिंगमधल्या बाया हासतात म्हने. पोट्टी झाली तवा दवाखान्यात काय झालं, आठवते ना?

सत्यभामा : आठवते बाप्पा. नर्स म्हने, पेशंटच्या सासूले बोलवा. तू वरांड्यात बोंबलला, "वैनी, वैनी!" मी धावत आली त थे म्हने, भावजय नाई पाह्यजे, सासू पाह्यजे. दारातून वापस केलं मले. अन तू फोन कानाले लावून जिन्याकडं गेला. पोट्टीले पह्यले पाह्यलं गीतांजलीच्या आईनं. मी दाराच्या भायेर.

गजेंद्र : म्हनूनच आमी ठरवलं. आता पोट्टी तुले 'माय' म्हनन. गीतांजलीनंच काढलं थे. शिकवूनबी राहिली. 'मा'पर्यंत येते पोट्टी.

सत्यभामा : माय?

गजेंद्र : हो. काहून, नको का?

सत्यभामा : हळू बोल. आत जागी असन थे.

गजेंद्र : तिले काय समजते आता?

सत्यभामा : समजत नाई. तरीबी भेव वाटते. या घरात माय एकच, गजू. तुया बापाची माय, थेच साऱ्याइची माय. मोठे म्हनतात थेच लेकरं म्हनतात, अशी रीत पडली. वामन तुया बापाले भाऊ म्हने, तूबी भाऊच म्हनलं. वामन मले वैनी म्हने, त तूबी वैनी. जनलं मी तुले, अन झाली तुयी वैनी.

गजेंद्र : लहानपनी काय समजत होतं आमाले?

सत्यभामा : एकदा म्हनलं होतं तू. तुले नाई आठवत. आई म्हनलं होतं.

गजेंद्र : मी? कवा?

सत्यभामा : लहान होता. वरूडले मामाच्या घरी राहून आला, संत्र्याच्या हंगामात. मामाचे पोट्टे त्याइच्या मायले आई म्हनत, तू शिकून आला. इकडं पंगत बसली होती. तू ताट वाजवून म्हनलं, "आई, भाकर दे." मंग माय म्हने, "आई कोन रे? वैनी हाय थे. घरात माय एकच असते." अन वामन खदखदा हासला. "आईसाहेब, भाकर वाढा!" तू लाजून लाल झाला. पुन्हा कवा नाई म्हनलं.

गजेंद्र : अन भाऊ? ते काय म्हनले?

सत्यभामा : भाऊ जेवत होते.

गजेंद्र : तू तरी बोलाचं होतं.

सत्यभामा : कोनाले बोलू? चुलीपाशी होती मी. तेवढ्यात तव्यावरची भाकर जळली, त्याचंबी आयकून घेतलं. लय लागलं रे मले. आजबी आठवलं का लागते.

गजेंद्र : मंग चाल ना, वैनी. जे झालं थे झालं. आता पोट्टी म्हनन.

सत्यभामा : पोट्टी शिकन तवा शिकन. तू म्हन ना.

गजेंद्र : काय म्हनू?

सत्यभामा : माय म्हन, आई म्हन. काहीबी म्हन. एकदा.

गजेंद्र : आता? असं एकदम?

सत्यभामा : कोनी नाई इथं. वामनबी नाई हासाले.

गजेंद्र : नाई जमत वैनी. जीभच वयत नाई. म्हनाले गेलो का दुसऱ्या कोनाले हाक मारल्यावानी वाटते. तू वाईट नको वाटून घेऊ.

सत्यभामा : नाई वाटून घेत. तुयी काय चूक त्याच्यात?

माय (आतल्या खोलीतून) : माय वं... अ माय...

गजेंद्र : सपनात हाय का? तिच्या मायले बोलावून राहिली?

सत्यभामा : मले बोलावते. आली जी, माय. थांबा जरासं.

गजेंद्र : तुले?

सत्यभामा : दिवाळीपासून. पह्यले माहं नाव विसरली, मंग नातं. वामन आला होता, त्याले पाव्हना म्हने. मले माय म्हनते. केस इचरून दे म्हनते, गोष्ट सांग म्हनते. बाजारात मले सोडून जाऊ नको म्हनते.

गजेंद्र : बाप्पा! मंग, बरं वाटत असन ना तुले?

सत्यभामा : बरं? संताप येते मले. चांगली होती तवा एका लेकराले म्हनू नाई दिलं. अन आता डोकं ठिकानावर नाई, त सोताच म्हनत सुटली. पह्यल्या दिवशी त मी गेलीच नाई. म्हनलं, मार हाका. पायरीवर बसून राहिली. मंग रडाले लागली थे. हट्टानं नाई रे. जत्रेत चुकलेलं पोट्टं रडते ना, तसं.

गजेंद्र : मंग?

सत्यभामा : मंग काय? उठली. कोनी माय माय करून रडत असलं त बसवते का आपल्याच्यानं?

गजेंद्र : अन तुया जिवाचं काय?

सत्यभामा : जीव थकला माहा. खरं सांगू? मले यावंसं वाटते. पोट्टीनं माय म्हनलं त कान थंड होतीन माहे. पन वामनच्या घरी हे हाका मारन, अन बेबीताई सांगन, तुयी माय कवाचीच मेली म्हातारे, गुपचूप नीज. इले आठवत त काही नाई. रोज हाक मारन, रोज नव्यानं मरन इची माय. थे नाई पाहवत मले. तिकडं अकोल्यात बसूनबी डोळ्यापुढं थेच दिसन.

गजेंद्र : गीतांजली रागावन.

सत्यभामा : रागावू दे. तिचंबी खरं हाय. पोट्टीपाशी एखादी चांगली बाई पाह्य महिना-दोन महिने. अन पोट्टीले म्हनाव, म्हन जे म्हनाचं थे. तिले जमन थे चालन मले.

गजेंद्र : मंग मी एकटाच जाऊ?

सत्यभामा : जाय. ऊन चढाच्या आंधी मूर्तिजापूर पार कर. पोचला का फोन करजो.

गजेंद्र : येतो मंग. येतो, वैनी.

सत्यभामा : हो. सावकाश जाय.

माय : माय वं, गाडी वाजली. गेली का तू मले सोडून?

सत्यभामा : नाई गेली वं बाई. इथंच हावो. सरक जराशी, बसू दे मले.