दारावरची लाल माकडटोपी

नाश्ता उरकून आपापल्या खोल्यांकडे निघालेल्या प्रवाशांची जहाजाच्या लिफ्टसमोर ही मोठी रांग लागली होती. रांगेत सुट्टीवर आलेली एक नर्स कंटाळली होती. तिच्या पुढच्या आजी मात्र आजोबांची हजेरी घेण्यात रंगल्या होत्या.

"अहो, खोलीच्या दाराला माकडटोपी? लोक काय म्हणतील?"

"अगं, इथे सगळी दारं एकसारखी. काल मी भलत्याचंच दार बडवत बसलो होतो ना!"

"तुम्ही?"

"मीच. आतून बिचारा टॉवेल गुंडाळून बाहेर आला."

"शोभतं का या वयात! नंबर पाठ करावा माणसानं."

"डोक्यात राहत नाही गं. म्हणून तर लाल टोपी."

"लग्न झाल्यापासून हेच. तुम्हाला एकटं सोडायची सोय नाही."

"नकोच सोडूस. पण समज, चुकामूक झाली, तर काय करायचं?"

"लाल टोपीचं दार शोधायचं."

"आणि नाहीच सापडलं तर?"

"तर जिथं असू तिथंच उभं राहायचं. दुसऱ्यानं शोधत यायचं."

"शाब्बास!"

"शाब्बास काय? सकाळपासून तीनदा वदवून घेतलंत. स्वतःच्या लक्षात ठेवा म्हणजे झालं."

लिफ्ट आली. सगळे आत शिरले. नर्स बटणांपाशी होती.

"कितवा मजला, आजोबा?"

"त्यांना काय विचारतेस, बाळा? त्यांच्या काही लक्षात राहत नाही. आमचा मजला ना... आमचा... बघा! तुमच्या नादानं मीही विसरायला लागले."

"चूक माझीच गं," आजोबा म्हणाले आणि आजींच्या पाठीमागून त्यांनी नर्सला चार बोटं दाखवली.