बेगमचे तीन दिवस

शरदिनी : वहिनी, दार उघड. भात आणलाय. एक मूद तुझी, एक बेगमची.

आनंदी : हळू बोला वन्सं! आणि उंबऱ्याच्या आत पाय टाकू नका. मला शिवलात तर पुन्हा आंघोळ करावी लागेल.

शरदिनी : का? तुला कुठे खरंच कावळा शिवलाय? झूठमूठचं तर बसलीयेस.

आनंदी : ते तुम्हाला ठाऊक आणि मला ठाऊक. सासूबाईंना नाही.

शरदिनी : आई तिकडे डाळ निवडतेय. पण मानलं हं तुला! दिनानाथशास्त्र्यांच्या घरात लसणाला इजाजत नाही आणि त्यांच्या सूनबाईनं कोंबडी आणून ठेवली. जागा तरी कुठली, तर बाजूला बसायची खोली. तीन दिवस इकडे कुणी फिरकायचं नाही!

आनंदी : दुसरं काही सुचलंच नाही हो. झैनबचाची जाताना माझा हात धरून म्हणाल्या होत्या, 'बहू, बिटिया की जचगी है, मिर्ज़ापुर जा रही हूँ. जुम्मे तक मेरी बेगम को देखना.' लेकीच्या बाळंतपणाला गेल्यात, शुक्रवारी येतील. एकटी बाई. दिवसभर विणकरांचं सूत गुंडाळते आणि या कोंबडीच्या अंड्यांवर चूल पेटवते. मी सोमवारी घाटावरून पाणी घेऊन वर येते तर काय, गल्लीच्या तोंडाशी मामंजींचा कुत्रा हिला तोंडात धरून चाललेला!

शरदिनी : बाबांचा म्हणू नकोस. कालभैरवाचं वाहन ते. म्हणून तर बाबा रोज पहिली पोळी त्याला घालतात.

आनंदी : वाहनाचं एका पोळीत भागत नसावं. मी भरली घागरच घातली त्याच्या पाठीत.

शरदिनी : पूजेच्या गंगाजळाची! आणि आईला म्हणालीस, पायरीवरून निसटली. केवढा पोचा पडलाय तिला.

आनंदी : तुम्ही आणत जा मग पाणी.

शरदिनी : मी? ना बाबा. मी कॉलेजवाली. आई स्वतःच म्हणते, पोथ्या वाहणाऱ्यांची कंबर नाजूक. बरं, कशी आहे ती?

आनंदी : पंखाखाली दोन दात रुतलेत. मिठाच्या कोमट पाण्यानं धुते, हळद-तेल लावते. सूज उतरली, पण खात नाही. चोचीच्या कडेला गुळाच्या पाण्याचे थेंब सोडते, तेवढेच काय ते पोटात. ऊब हवी म्हणून माझं जुनं लुगडं घातलंय टोपलीवर.

शरदिनी : जखमेवर माशी बसू देऊ नकोस हं. आमच्या बाई म्हणतात, माशीनं अंडी घातली की संपलंच.

आनंदी : दिवसभर दुसरं काय करते? माश्याच वारते. रात्री उठून बघते श्वास चालतोय का. वन्सं, ही मेली तर चाचींना तोंड कसं दाखवू मी?

शरदिनी : नाही मरत. स्वराज्य येऊन दहा वर्षं झाली, कोंबडीलासुद्धा जगायचा हक आहे. पण उद्या चौथा दिवस. तू न्हाणार, खोली धुतली जाणार. मग बेगमला कुठे ठेवणार? देव्हाऱ्यात?

आनंदी : आणखी एक दिवस बसले तर?

शरदिनी : आई बोटांवर मोजते सगळं. काल मला विचारत होती, बाजूला बसलेल्या बाईला कच्चे तांदूळ कशाला लागतात म्हणून.

आनंदी : अगं बाई! मग?

शरदिनी : म्हटलं, चिमण्यांना घालते. पुण्याचं काम सांगितलं की या घरात पुढे कुणी विचारत नाही.

आनंदी : सासूबाई माझ्याशी बोलतच नाहीत सोमवारपासून. ताट ठेवतात आणि वळतात. रागावल्यात का?

शरदिनी : रागावली नाहीये. सोमवारी देवघरात रडत होती. विचारलं तर म्हणे, धूर गेला डोळ्यात. चूल तर थंड होती.

(टोपलीतून खणखणीत आवाज : कॉक्-कॉक्-कॉक्-कॉक्!)

आनंदी : बोलली! वन्सं, बोलली! बघा, उभी राहिली. भात टिपतेय! जगली हो, जगली माझी बेगम!

शरदिनी : चूप कर तिला! वर बाबांचे विद्यार्थी संथा घेताहेत!

प्रभावती : शरदिनी! कसला गं आवाज हा?

शरदिनी : कुठे काय आई? वहिनीला उचकी लागलीय.

प्रभावती : उचकी? पंख फडफडवणारी? सरक. आनंदी, ती टोपली उघड.

आनंदी : सासूबाई, तुम्ही आत नका येऊ, विटाळ होईल...

प्रभावती : विटाळाचं माझं मी बघते. उघड म्हणते ना! ... हर हर महादेव! कोंबडी! सात पिढ्या दुर्गाघाटावर गेल्या आमच्या, कुणी तिचं नाव काढलं नाही. आणि ही इथे लुगडं पांघरून राणीसारखी बसलीय!

शरदिनी : राणी नाही आई, बेगम.

प्रभावती : तू तोंड मीट. कुणाची ही?

आनंदी : झैनबचाचींची. आपल्याच पोळीवर पोसलेल्या कुत्र्यानं धरली होती. मी त्यांना शब्द दिला होता, सासूबाई. तिला गल्लीत मरायला कशी टाकू?

प्रभावती : म्हणून या खोलीत आणलीस?

आनंदी : हो.

प्रभावती : आणि म्हणून सोमवारपासून बाजूला बसलीस?

आनंदी : चुकलं माझं. पाहिजे ती शिक्षा करा, पण शुक्रवारपर्यंत हिला राहू द्या.

प्रभावती : थांब. थांब जरा. म्हणजे तू खरी बसलेली नाहीस?

आनंदी : नाही.

प्रभावती : याच्या आधी कधी बसली होतीस? कोजागिरीच्या आदल्या दिवशी ना?

आनंदी : हो.

प्रभावती : आणि आता त्रिपुरी पौर्णिमा होऊन बारा दिवस झाले. मी मोजत होते गं. रोज बिंदुमाधवाला हात जोडत होते. सोमवारी तू या खोलीत शिरलीस आणि मी देवघर गाठलं. चार वर्षं झाली लग्नाला. म्हटलं, देवानं याही वेळी थट्टाच केली.

शरदिनी : आई, म्हणून रडत होतीस?

प्रभावती : धूर होता तो. आनंदी, मला का नाही सांगितलंस?

आनंदी : भीती वाटली. गेल्या वर्षी तुम्ही ओटीसाठी खणसुद्धा काढून ठेवला होता. मग चार दिवसांनी तो गुपचूप पेटीत परत ठेवलात. मी बघितलं होतं. पुन्हा तसं बघायला लागलं असतं तर मला सोसलं नसतं.

प्रभावती : वेडी गं वेडी! ये इकडे. शिवले तर शिवले.

शरदिनी : आणि बेगमचं काय?

प्रभावती : राहील शुक्रवारपर्यंत. आनंदी उद्याही बसलेलीच. ह्यांनी विचारलं तर सांगेन, बायकांच्या हिशोबात शास्त्र्यांनी पडू नये. दोन्ही बातम्या मागाहून कळतील त्यांना. हळद वाळलीय बघ हिची, तेल दे इकडे. आणि उद्यापासून त्या वाहनाला दोन पोळ्या घाला, भुकेलं वाहन भरकटतं. बाई गं, पण तू हिला सोडवलीस तरी कशी त्याच्या तोंडातून?

आनंदी : घागर घातली पाठीत.

प्रभावती : ती पोचा आलेली? ती तर पायरीवरून निसटली होती ना?

आनंदी : निसटली नव्हती. फेकली.

प्रभावती : रिकामी?

आनंदी : भरलेली.

प्रभावती : शरदिनी.

शरदिनी : काय, आई?

प्रभावती : उद्यापासून घाटावरचं पाणी तू आणायचं.