सासूबाईंच्या तोंडची चव

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर, सत्कारमूर्ती डॉक्टरबाई, आणि त्यांच्या दवाखान्याच्या बाकावर कधी ना कधी ताटकळलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

आज रविवार, चौदा तारीख. डॉक्टरबाई निवृत्त झाल्या, म्हणून सकाळी दवाखान्याची पाटी उतरली, दुपारी तिथल्या खुर्च्या या सभागृहात आल्या, आणि आता मला बोलायला उभं केलं आहे. मी कचेरीत पत्रं टाइप करणारी बाई. जमेल तसं सांगते.

माझ्या सासूबाईंना जाऊन दोन महिने झाले. मागच्या वर्षी त्या जेवेनाशा झाल्या. ताट पुढे आलं की म्हणायच्या, कापूस चावल्यासारखं लागतं. यजमान केव्हाच गेलेले, घरात आम्ही दोघीच. तेव्हा हा कापूस कुणी शिजवला, हे विचारायला नको. मी मनाला लावून घेतलं. दोन घास टाकून त्या उठत, आणि मी भांडी जरा जोरात घासत असे. अध्यक्ष महोदय, भांड्यांना बोलता येतं, हे सुनांना ठाऊक असतं.

मग वन्सं आल्या. आईचे बसलेले गाल पाहून त्यांनी बॅगच भरायला घेतली. तुझ्या हातचं तिला नको झालंय, मी घेऊन जाते, म्हणाल्या. सासूबाईंनी आपली दोन लुगडी काढून दिली. ते मला जास्त लागलं.

निघण्याआधी दम्याच्या औषधाची चिठ्ठी हवी होती, म्हणून तिघी दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी जेवण कसं आहे विचारलं आणि आम्ही नणंद-भावजया एकदमच सुरू झालो. त्यांनी हातानेच आम्हाला थांबवलं.

"आजी, कवळी काढा. आता आ करा."

कवळी सासूबाई माझ्यादेखत कधीच काढत नसत. झोपतानाही नाही. त्या दिवशी काढली. जिभेवर, गालांच्या आतून, दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे डाग. ओठांचे कोपरे चिरलेले. बाईंनी एक डाग पुसला, तर खाली लालभडक. टॉर्च माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "तुम्हीही बघून ठेवा. दुधाची साय असती तर सहज निघाली असती, खाली असं सोललेलं दिसलं नसतं. ही बुरशी आहे. दम्याचा पंप ओढल्यावर चूळ भरत नाहीत, रात्री कवळी काढत नाहीत. जळजळणार, चव जाणार. यांना अमृत वाढलंत तरी कापूसच लागेल."

वन्सं भिंतीवरचं घड्याळ बघू लागल्या.

तोंडात धरायचे थेंब मिळाले. कवळी रात्री पाण्यात गेली, पंपानंतर चूळ सुरू झाली. पुढच्या आठवड्यात सासूबाई जेवता जेवता थांबल्या. "भाजीला मीठ कमी आहे."

मंडळी, एवढं कौतुक माझं कुणी केलं नव्हतं. मी तिथल्या तिथे वन्संना फोन लावून सासूबाईंच्या हातात दिला. सासूबाई लेकीला म्हणाल्या, "मी काही येत नाही. हिला अजून पुष्कळ शिकवायचं राहिलंय."

त्यानंतर रोज स्वयंपाकाला नावं ठेवत, मागून मागून जेवल्या. वय झालं होतं, गेल्या. पण उपाशी गेल्या नाहीत, आणि माझ्या घरातून गेल्या.

डॉक्टरबाई, ही जीत तुमची. तुमचे आणि आयोजकांचे मनापासून आभार. बोलण्यात कुणाचा मान राहून गेला असेल, घरचं चारचौघांत काढलं असं वाटलं असेल, तर पदरात घ्या. वन्सं समोरच बसल्या आहेत, त्यांनीही घ्यावं. चहाला मात्र थांबत नाही. घरी जाऊन कुकर लावायचा आहे. एकटीपुरता असला तरी लावावा लागतोच.