तपशिलाचा रकाना

गावंडे काकू, वकील मंडळी, आणि माझ्यासारखेच कराची नोटीस घेऊन गावंडे साहेबांकडे आलेले व्यापारी बंधू,

मला बोलता येत नाही. काकू म्हणाल्या, "वकील बोललेच, आता एखादा पक्षकार बोलू दे." म्हणून या शोकसभेत उभा आहे. लिहून आणलं आहे. तेच वाचतो.

मागच्या मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मी मूर्तिजापूरला माझ्या फुलांच्या दुकानात बिल लिहीत होतो. 'सजावट' या शब्दातला 'ट' तेवढा राहिला होता. साहेबांच्या ऑफिसातून फोन आला. "साहेब गेले." मी म्हणालो, "अमरावतीला का? सुनावणी तर पुढच्या आठवड्यात आहे ना?" पलीकडून तेच दोन शब्द पुन्हा आले. तेव्हा कळलं.

साहेबांनी चाळीस वर्षं इथे अकोल्यात करांची वकिली केली. जकात, विक्रीकर, घरकर, जीएसटी. ते म्हणायचे, "जकात गेली, विक्रीकर गेला, एलबीटी त कधी आला न् कधी गेला. मी सगळ्याइले पोचवून आलो, पोट्ट्या." आम्ही हसायचो. का हसायचो, ते आता कळत नाही.

माझं प्रकरण असं. लग्नात मी स्टेज फुलांनी सजवून देतो. ताज्या फुलांवर कर नाही, सजावटीवर आहे. आमच्या धंद्यातले बाकीचे चिठ्ठीवर 'फुलं' एवढंच खरडतात. मी दहावीपर्यंतच शिकलो, पण शुद्धलेखन जपतो. मी बिलावर लिहायचो, 'वधू-वरांच्या आसनामागील पुष्पसजावट'. तीन वर्षांची बिलं. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नाही. नोटीस फक्त मला आली. तीन वर्षांचा कर बसला, तर दुकान राहत नाही.

साहेबांनी बिलं पाहिली. चष्मा काढला. "काऊन बे, इतकं शुद्ध कोनी लिवते का? तुले शुद्धलेखनानं मारलं, लेका!"

मी हळूच विचारलं, "साहेब, नवीन बिलं लिहून आणू? नुसतं 'फुले' लिहितो."

साहेबांचा आवाजच बदलला. "पुन्हा हे बोलला त फाईल उचल न् चालता हो."

मी उभाच राहिलो. मग तेच म्हणाले, "बस. चहा पे."

त्याच महिन्यात मी त्यांना अमरावतीला दुसऱ्या प्रकरणात बोलताना ऐकलं. पक्षकार मंगल कार्यालयाचे मालक होते; सजावटीवर भरलेल्या कराची वजावट त्यांना हवी होती. साहेब ठासून सांगत होते, ही सजावटच आहे, नुसती फुलं नव्हेत. आणि माझ्या नोटिशीच्या उत्तरात त्यांनीच लिहिलं होतं, ही फुलंच आहेत! परतीच्या गाडीत मी विचारलं, "साहेब, खरं काय?"

"दोन्हीकडचे कागद वाचले का तू?"

"नाही."

"मंग कायले इचारून राह्यला? आधी वाच."

एवढं बोलून ते झोपले. माझं स्टेशन आलं, तरी झोपलेलेच होते. उठवलं नाही. उठवायला हवं होतं का?

शेवटच्या भेटीत म्हणाले, "अधिकाऱ्यानं इचारलं का लगेच बोलू नोको. एक मिनिट गप राह्य. भेलेला मानूस लवकर बोलते."

"आणि मिनिट झाल्यावर काय बोलू?"

"मंगळवारी ये, सांगतो."

त्या मंगळवारी मी दुपारच्या गाडीने निघणारच होतो.

परवा माझी सुनावणी आहे. अधिकारी विचारतील, तुम्ही काय विकता? मी दोन्हीकडचे कागद आता वाचले आहेत. दोनदा वाचले. दोन्ही खरे वाटतात.

साहेबांच्या फोटोभोवती ही शेवंती मी बांधली. सभागृहाच्या व्यवस्थापकांनी बिल मागितलं. पैसे नकोत म्हणालो, तर म्हणाले, "शून्याचं लिहा, पण बिल लागतं." मी तारीख लिहिली. नाव लिहिलं. शून्य लिहिलं. तपशिलाचा रकाना कोरा आहे. मागे जाळी लावली, तारा ओढल्या, दोन तास गेले. म्हणजे सजावटच झाली. पण साहेबांपुढे मी फुलंच ठेवली ना? काय लिहू? खरंच कळत नाही.

मंडळी, आता आपण सगळे उभे राहू. एक मिनिट गप्प राहू. साहेबांनी सांगितलं होतं तसं, न भिता.

आणि मिनिट झाल्यावर काय बोलायचं, ते वकील मंडळींपैकी कुणी तरी मला सांगा.