निराधारांसाठी एक जागा

आम्रपाली: म्हणजे काकांना उठवणं, आंघोळ घालणं, सगळं तुम्ही एकट्या करता?

कांताबाई: अजून कोण करणार? कसब्यात दोन जिने चढून खोली. परवा हे जिन्यातच बसले. मला काही उचलता येईना. शेजारची शकू कामावरून येईपर्यंत दोघंही तिथंच.

रामदास: मला छापखान्यात जायचंय. बाइंडिंग राहिलंय.

कांताबाई: छापखाना बंद होऊन दहा वर्षं झाली. बसा. बघा बाई, यांना सकाळचं संध्याकाळी आठवत नाही.

आम्रपाली: आमच्या वृद्धाश्रमात एक जागा आहे, मावशी. सरकारी अनुदानाची. खाणंपिणं, औषधं, उचलायला माणूस, सगळं मिळेल. पण ती निराधारांसाठी. कमावता मुलगा असला तर देता येत नाही. फॉर्मवर विचारावंच लागतं. मुलगा आहे?

कांताबाई: नाही.

आम्रपाली: झालाच नाही?

कांताबाई: होता. गेला.

रामदास: कोण गेलं?

कांताबाई: तुम्ही गप्प बसा हो.

रामदास: कांता, आपला संजय गेला?

(कांताबाई फॉर्म आम्रपालीकडे सरकवते.)

रामदास: कधी? मला कुणी सांगितलं कसं नाही? शेवटचं तोंडसुद्धा बघितलं नाही मी माझ्या लेकराचं!

आम्रपाली: काका, रडू नका. पाणी घ्या. मावशी, अहो बघा ना यांच्याकडे.

कांताबाई: लिहा तुम्ही.

रामदास: माझ्या आधी कसा गेला गं तो?

कांताबाई: अहो! नाही गेला संजय. आहे. मीच मेली खोटं बोलले. सिंगापूरला आहे तो, कॉम्प्युटरच्या कंपनीत. धडधाकट आहे.

आम्रपाली: मावशी, मी काही ऐकलं नाही. करा सही. काका विसरतील तासाभरात.

कांताबाई: विसरतील ना. मग उद्या इथं कुणीतरी विचारेल, काका, मुलं किती? आणि फॉर्म बघून सांगेल, मुलगा वारला. हे रोज नव्यानं रडतील. नको.

आम्रपाली: येतो का तो?

कांताबाई: चार वर्षांत नाही. पण सरकारच्या लेखी आम्हाला आधार आहे!

आम्रपाली: मग आता कसं करणार?

कांताबाई: चढणार जिने. उठा हो. द्या हात.

रामदास: कांता, एक सांगू?

कांताबाई: काय?

रामदास: मी रडलो ते संजयला कळवू नकोस. तिकडं एकटा असतो तो.