देवरामचा उजवा हात

हॅलो? … हॅलो, आई? ऐकू येतंय का? … अगं, मी शर्वरी! … हो, जयपूर कोर्टातूनच. थांब, जरा बाहेर येते, आत नुसता गलका आहे … हां. आई, मानलं! कोर्टानं मानलं आपलं!

… नाही गं, निमिष ठीक आहे, शाळेत आहे. तू आधी ऐक ना! देवरामची केस. तिन्ही पोलिसांवर खुनाचा खटला चालणार. पकड वॉरंट निघालं … हो, हो, पोलिसांवरच!

… कुठला देवराम काय? सीतापुऱ्याच्या कपड्यांच्या कारखान्यातला. सुट्टी झाल्यावर स्कूटरवरून बस्सीला घरी निघालेला. वाटेत पोलिसांनी अडवलं, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. दरोडेखोर चकमकीत ठार! म्हणे, उजव्या हातानं पिस्तूल काढून दोन गोळ्या झाडल्या …

हां, तोच. अपघाताच्या विम्यासाठी आमच्या ऑफिसात माझ्याच टेबलाशी आला होता ना, वर्षभर आधी. मशीनमध्ये उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं गेलेली. सही करता येईना, डावा अंगठा उमटवला बिचाऱ्यानं. वर मलाच धीर देतो, ‘मॅडमजी, चाय का कप तो अब भी पकड़ लेता हूँ.’ … तो फोटो बघितला आणि मला तो हातच आठवला गं!

… फाइल माझ्याच कपाटात होती. हाताचा फोटो, डॉक्टरांचा दाखला, सगळं. घेऊन गेले त्याच्या बायकोच्या वकिलांकडे …

हो, साहेब नकोच म्हणत होते … हो, धमकीचा फोनही आला होता. दोनदा. … मुद्दामच नाही सांगितलं तुला. … अगं रागावू नकोस ना! भीती वाटत होतीच. तरी साक्षीला उभी राहिले. मी गप्प बसले असते तर तो दरोडेखोरच राहिला असता, आई.

… आज? आज जजबाईंनी हाताचा तो फोटो वर धरला. पोलिसांच्या वकिलाला म्हणाल्या, या हातानं पिस्तुलाचा चाप ओढला कसा, ते सांगा. आणि तिथंच वॉरंट काढलं!

… त्याची बायको? यमुना रडली नाही. वकिलांना हुकमातली एकच ओळ तीनदा वाचायला लावली. ‘देवराम निहत्था था.’ … निहत्था, म्हणजे हातात काही नव्हतं त्याच्या. … तीन वर्षं तिच्या पोरीला शाळेत ‘डाकू की बेटी’ म्हणत होते गं …

नाही, संपलं कुठं? खटला तर आता सुरू होणार. … हो, मला पुन्हा उभं राहावं लागेल. त्यांचा वकील उलटसुलट विचारणारच …

… काय? … तू येणार? कोर्टात बसणार? … आणि गुडघे? … अगं, ये की मग! दुर्गापुरा स्टेशनला उतर, मी येते न्यायला … बरं, बरं, लाडू आण, पण आधी तू ये!

… थांब हं जरा. हां यमुनाजी, अभी आती हूँ! … आई, तिचा फोन बंद पडलाय. सासूला कळवायचंय तिला, माझ्या फोनवरून. … अगं, नंतर सांगते सगळं, ठेव तू आता. ठेव ना! बस्सीला त्याची आई सकाळपासून फोनपाशी बसलीय!